आरशातली जीभ

माझ्या बायकोचं गाणं मी बंद केलं. रागावून नाही, हातात आरसा देऊन.

आम्ही दोघंही कुळगावाकडच्या आगरी घरांतले. आमच्या बोलीत पाण्याला 'पानी' आणि डोळ्याला 'डोला'. ण आणि ळ मला शाळेत मास्तरांनी छडी दाखवून शिकवले. पुढे एमआयडीसीतल्या एका कंपनीत कारकून झालो, लग्न झालं आणि अंबरनाथ पश्चिमेला बिऱ्हाड केलं. बायको बोलली की शेजारची मुलं तिची नक्कल करत. मला लाज वाटे.

मग रोज संध्याकाळी माझा दाढीचा आरसा तिच्या हातात.

"न म्हणताना जीभ दातांमागे टेकते ना? आता टोक मागे वळव, टाळूला लाव आणि सोड. ण."

ती तोंड उघडून जीभ शोधत बसे. एकदा म्हणाली, "अवो, माज्या पान्यानं तुमची तहान भागत नाय का?"

मी हसलोसुद्धा नाही. "परत म्हण," म्हणालो.

सहा महिन्यांत तिला दोन्ही अक्षरं जमली. पण प्रत्येक शब्दाआधी ती क्षणभर थांबू लागली, आणि मी ती प्रगती समजलो.

तिची आत्या धवलारीण होती, म्हणजे आमच्या लग्नांत विधींचे धवले गाणारी. हे गाणं पुस्तकात नसतं, एका बाईकडून दुसरीकडे जातं. आत्यानं ते हिला दिलं होतं. माझ्या भाचीच्या हळदीला आत्या म्हणाली, "आज तू गा गो." हिनं सुरुवात केली. दुसऱ्याच ओळीत 'डोला' आला. जीभ सवयीनं ळ म्हणायला वर गेली, अडली, चाल तुटली. पुन्हा धरली, पुन्हा तुटली.

"शेरातली बाय झाली गो ही!" मांडवात बायका हसल्या. ती खाली बसली. त्यानंतर कुठल्याच मांडवात तिनं तोंड उघडलं नाही.

काही वर्षांनी आत्या गेली. तिच्या दिवसकार्याला जमलेल्या बायका हळहळल्या, "धवलं तिच्यासंगं गेलं." बायको मान खाली घालून तांदूळ निवडत होती. पाठ सगळं होतं तिला.

घरी आल्यावर तो आरसा मी भिंतीवरून काढला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसलो. कित्येक वर्षांत न बोललेल्या माझ्याच बोलीत म्हणालो, "माजा चुकला गो. तुजी जीब बरोबर व्हती. मना माफ कर."