निशाणाला खिळा नको

आमच्या घरी चळवळीची पत्रकं आधी यायची, गोष्टींची पुस्तकं मागाहून. राजे आणि सरंजामदार हे शब्द मी शिवीसारखेच शिकलो. म्हणून फ्रीगंजच्या मराठी मंडळाने गणेशोत्सवात माळव्यावर फडकलेल्या निशाणांचं प्रदर्शन ठरवलं आणि पाट्या माझ्याकडे दिल्या, तेव्हा मी दारावरची पाटी लिहिली: ‘रयतेच्या घामावर फडकलेली निशाणं.’ मंडळातले काका म्हणाले, "प्रसाद वाटायचा आहे रे, मोर्चा नाही काढायचा." पण पाटी राहिली.

मुघलांचं हिरवं, इंग्रजांचं लाल-निळं शिंप्याकडून शिवून आणलं. माळव्याच्या सुलतानांचं कसं होतं ते कुणालाच ठाम सांगता येईना, तिथे कोरं कापड लावलं. शेवटी तिरंगा. इथल्या मराठा संस्थानचं तेवढं राहिलं.

ते नानाखेड्यातल्या एका मावशींकडे होतं. ऐंशीच्या घरात आलेल्या. त्यांच्या सासरी निशाणदारी होती. स्वारी निघाली की पुढे निशाण धरून चालायचं. संस्थान गेलं तेव्हापासून ते देवघरात. दसऱ्याला पूजा होई तेवढीच.

"मुलगा बंगलोरला. माझ्यामागे हे कुणी उलगडणार नाही," त्या मला फोनवर म्हणाल्या होत्या. "एक दिवस चारचौघांत उभं राहू दे."

त्या ऑटोने आल्या. काठी दोन्हीकडून बाहेर. ऑटोवाला वैतागलेला, "अम्मा, अगली बार ट्रक कर लेना." विरलेल्या भगव्या रेशमावर नाग जेमतेम दिसत होता.

मी हातोडी घेऊन पुढे झालो, तशा त्या ओरडल्या, "खिळा नको! आमच्याकडे निशाणाला खिळा मारत नाहीत. धरून उभं राहतात."

"मावशी, बाकीची सगळी टांगलीत. एकट्या राजाचेच लाड कशाला?"

"राजाचं कोण बोलतंय?" त्यांनी काठीवरचा झिजून गुळगुळीत झालेला भाग दाखवला. "इथे राजाचा हात कधी लागला नाही. हे मामंजींच्या हातांनी झिजलंय. उन्हात उभे असायचे, पाणी प्यायलाही सोडायचं नाही. बाहेर घामाचं लिहिलंयस ना? मग त्यांना काय घाम येत नव्हता?"

मी पाटीखाली एक ओळ वाढवली: ‘निशाण धरणाराही रयतच होता.’

लोक येऊ लागले. मावशी स्वतःच काठी धरून उभ्या राहिल्या. पण त्यांचा खांदा जुना दुखरा; थोड्याच वेळात काठी कलायला लागली.

"भिंतीला टेकवू?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. ओठ आवळलेले होते. "गुंडाळ. झालं तेवढं पुरे."

खरी गर्दी आरतीला व्हायची होती. ते त्यांनाही ठाऊक होतं. राजांबद्दलचं माझं मत तसूभरही बदललं नव्हतं. मी काठी हातात घेतली.

"सरळ धर," खुर्चीत बसत त्या म्हणाल्या. "मोर्चात हलवतोस तसं हलवू नकोस."

संध्याकाळी हॉल भरला. शेजारच्या कॉलनीतली एक बाई माझ्यापुढे थांबली. "भैया, ये किसका झंडा है?"

संस्थान, मांडलिकी, इंग्रजांची मेहरबानी, असं सगळं मी मनात जुळवत होतो. तेवढ्यात खुर्चीतून मावशींनी सांगून टाकलं, "हमारे ससुरजी का."

बाईने वरच्या नागाकडे पाहिलं नाही. तिने काठी खालपासून वरपर्यंत न्याहाळली.

"भारी होगा."

"है तो," मी म्हणालो आणि हात बदलला.