सगळ्या फायलींले एकच फ्लॅग

स्क्रीनवर लाल ओळी धावून राहिल्या होत्या, मांडीवर पोरगी रडून राहिली होती, अन् आधी कोणाकडे पाहू तेच मले सुचेना. एका हातानं तिले थोपटू अन् एका हातानं ओळी वर-खाली करू. शेवटी लिहून होतं, फंक्शन इनलाइन होत नाही, टार्गेट जुळत नाही. मले वाटलं, गेलं बापा, काम गेलं.

कारण मले काम देणारे सर तिकडे धंतोली भागात निघून गेले होते. एका दवाखान्यात आमचा डबा दाखवायचा होता, छातीले वायरी लावल्या की हृदयाची रेघ दाखवते तो. मी अजून ट्रायलवर होती. पॉलिटेक्निक अर्ध्यातच सुटलं, लग्न झालं, मंग पोरगी झाली. प्रताप नगरात घरी बसून दुसऱ्यायनं लिहिलेला प्रोग्राम बांधून, म्हणजे डब्यावर चालन असा करून, पाठवायचा, असं काम मिळालं तं मी कोणाले सांगू अन् कोणाले नाही असं झालं होतं. आता आजचं जमलं तं पक्की, नाही तं बस घरी.

सरांनी सांगतलं होतं की रेघ अडकत अडकत चालते, लिंक-टाइम ऑप्टिमायझेशन चालू करा. मी केलं. पहिले कसं, एक एक फाइल वेगळी शिजे अन् लिंकर, म्हणजे फायली जोडणारा, शेवटी सगळ्या एका ताटात वाढे. हे चालू केलं की तो सगळं एकाच गंजात, मोठ्या पातेल्यात, ओतते अन् पुन्हा शिजवते. त्यात एका फाइलीत प्रोसेसरची खास बिल्ट-इन फंक्शनं होती, नव्या प्रोसेसरलेच कळणारी. तसा फ्लॅग, म्हणजे बांधतानाची खास सूचना, फक्त त्या एका फाइलीले दिला होता. वेगवेगळ्या होत्या तंवर सगळ्या गुण्यागोविंदानं राहत होत्या. एका गंजात आल्या अन् लिंकर म्हणे, हिचं यायच्यात मिसळत नाही.

सासूबाई समोर तांदूळ निवडत बसल्या होत्या, गावाकडून, कुहीहून आणलेले.

"काय झालं वं? तोंड काहून उतरलं?"

मी म्हनलं, एका फाइलीले जास्तीचं देल्लं, बाकीच्यायले नाही, म्हणून भांडण लागलं.

त्यायनं मान वर पण नाही केली. "मंग सगळ्यायले दे ना. एका सुनेले लुगडं घेतलं अन् दुसरीले नाही, तं त्या घरात स्वयंपाक तरी होते का?"

मले पटलं. आमच्या घरात तेच चालते, एकीच्या पोराले स्वेटर आला की सगळ्यायच्या पोरायले येते, मंग थंडी असो का उन्हाळा. मी सगळ्या फायलींले तोच फ्लॅग लावला. एक लाल ओळ नाही. बांधून झालेली फाइल सरांले पाठवली. सासूबाईनं कुहीले फोन लावून सांगतलं पण, आमच्या सुनेनं कम्प्युटर दुरुस्त केला, म्हणे.

मी पोरीले पाजायले बसली. तो फ्लॅग एकाच फाइलीले काहून होता ते आता डोक्यात आलं. आमचा प्रोग्राम सुरू झाला की पहिले डब्याले विचारते, तू नवा का जुना? नवा असला तरच त्या खास फंक्शनांकडे जाते. आता मी विचारणाऱ्या फाइलीलेच नव्या प्रोसेसरची भाषा शिकवून ठेवली होती. जुना डबा तं प्रश्न ऐकायच्या आधीच आडवा होईन. अन् सर आज जुनाच घेऊन गेले होते, नवे आलेच नव्हते.

पोरगी तशीच पदराखाली, मी लॅपटॉप ओढला. सगळ्यायचा फ्लॅग काढला, अन् ती एक फाइल गंजाच्या बाहेर ठेवली, तिची वाटी वेगळी. बाकीच्या एकत्र शिजू दे. बांधून झालं. पण चालवून पाहू कशावर? घरी जुना डबा नव्हता.

फोन लावला. "सर, मघाची फाइल नका टाकू. जुना डबा बंद पडन. दुसरी पाठवली."

"मी पार्किंगमध्येच आहे, डॉक्टर वर वाट पाहतायत. ही पक्की चालेल ना, मॅडम?"

जिभेवर ‘हो’ आलंच होतं. सासूबाई समोरून मान हलवून राहिल्या होत्या, हो म्हण, हो म्हण.

मी म्हनलं, "जुन्या डब्यावर पाह्यल्याशिवाय नाही सांगत, सर."

तिकडून ऑटोचे हॉर्न ऐकू येत होते. सर म्हणे, फोन ठेवू नका, इथंच टाकून पाहतो. मी पोरीले घट्ट धरून बसली, ती बिचारी गुदमरून कुरकुरली. बऱ्याच वेळानं सर म्हणे, माझ्याच छातीले वायरी लावल्या, रेघ चालली, अडकत पण नाही. जाता जाता म्हणे, उद्या एक जुना डबा तुमच्या घरी ठेवायले पाठवतो.

डबा घरी येते म्हणजे मी कामावर पक्की झाली, म्हणून मी रडली. सासूबाई मात्र अजून ऐकवतात. हो म्हनली असती तरी चाललंच असतं ना वं, उगाच त्या माणसाच्या जिवाले घोर लावला, म्हणे.

आता तुम्हीच सांगा. पोरगी पदराखाली, सासू मान हलवून राहिली, अन् तिकडून सर विचारून राहिले पक्कं का म्हणून. तुम्ही काय म्हनलं असतं?