पांढऱ्या घटपर्णीच्या आत

नागावला आमची नारळ-सुपारीची लहानशी वाडी आहे. तिथल्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. आम्ही म्हणजे मी आणि माझी थोरली बहीण. भावोजी मालवाहू जहाजावर इंजिनाच्या कामाला होते. एका सकाळी ते हजेरीला आले नाहीत, जहाजभर शोधलं, सापडले नाहीत, एवढंच कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितलं. त्यानंतर ताई माझ्याकडे आली ती राहिलीच.

झाडांचा नाद तिला इथे लागला. एका पाहुण्याने तिला घटपर्णीचं बी दिलं. घटपर्णी म्हणजे किडे खाणारी वेल. पानाच्या टोकाला लांबट घट लोंबतो, वर झाकण, तळाशी चिकट पाणी. कडेच्या गोड रसाला भुलून मुंगी आली की घसरून आत पडते आणि तिथेच विरघळते. रोपं मोठी झाली तसे सगळ्यांच्या घटांवर तांबडे डाग आले. एकावर मात्र आलेच नाहीत. त्याचे घट मेणासारखे फिकट, जवळजवळ पांढरे. तो पाहुणा पुन्हा आला तेव्हा कितीतरी वेळ त्या झाडापुढे उकिडवा बसून राहिला. "असं मी कुठेच पाहिलं नाही," म्हणाला. "हे मरू देऊ नका."

ताईने ते फारच मनावर घेतलं. आमच्या विहिरीचं पाणी मचूळ, ते त्याला सोसत नाही, म्हणून ती पावसाचं पाणी पिंपांत साठवून वर्षभर पुरवायची. खारा वारा सुटला की पडवीला ओली गोणपाटं बांधायची. तरी एका वैशाखात मूळ कुजलंच. मग तिने वेलीचे तुकडे करून नारळाच्या भुशात लावले आणि वर काचेच्या बरण्या पालथ्या घातल्या. एकेक तुकडा काळा पडत गेला. एक जगला.

तो तिने पडवीच्या पश्चिमेकडच्या खांबाला टांगला. दुपार कलली की ऊन मागून यायचं आणि फिकट घट उजळायचा. तांबड्या घटात काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही. यात दिसायचं. आतल्या पाण्याची रेघ, मुंगीची सावली. ती चढते, घसरते, पुन्हा चढते. मग चढत नाही.

ताई रोज तिथे बसायला लागली. हाक मारली तर म्हणायची, "थांब, अजून हलतेय." एक पाहुणी मोबाइल घेऊन झाडाचा फोटो काढायला गेली आणि ताईकडे बघून तशीच मागे फिरली.

एका दुपारी मी वाळत घातलेले कपडे काढायला पडवीत गेले, तर सगळ्यात मोठ्या घटाच्या भिंतीवर आतून एक हात टेकलेला. पाच बोटं, फाकलेली, अगदी तान्ह्या मुलाची असावीत तशी. मी जवळ जाऊन पाहिलं. मग लक्षात आलं.

"ताई, आत पाल पडलीये!"

"माहितीये. जेवणं झाल्यापासून आहे."

"अगं, मग काढ ना तिला."

"पोहतेय ती. दमली की भिंतीला टेकते. मग पुन्हा."

मी धावत कात्री आणली. ताईने माझं मनगट धरलं. एवढ्या उकाड्यात तिचा हात गार लागला.

"कापू नकोस. थोडंच राहिलंय."

तिचा आवाज अगदी शांत होता. मला पालीपेक्षा त्याचीच भीती वाटली.

"काय बघतेस हे? कशासाठी?"

घटावरची नजर न काढता ती म्हणाली, "त्या माणसाने फोनवर विचारलं होतं, साहेबांना पोहता यायचं का. मी नाही म्हटलं."

भावोजी खाडीकाठी वाढलेले. भरतीच्या पाण्यात खाडी पार करून दाखवायचे.

"असं का सांगितलंस?"

"म्हटलं, लवकर संपलं असेल, असं निदान कंपनीच्या लोकांना तरी वाटू दे. मला नाही वाटत. किती वेळ लागतो, मला माहीत नाही गं."

आतली सावली हलायची थांबली. बोटं तशीच टेकलेली राहिली. आम्ही दोघी वाट बघत होतो, आणि कशाची ते मला कळत नव्हतं. मग ताईची पकड सुटली. तिने माझ्या हातातली कात्री घेतली आणि तो घट वरपासून खालपर्यंत उभा चिरला. बुळबुळीत पाणी, मुंग्यांचे पाय, आणि त्यात ती पाल, सगळं तिच्या ओंजळीत आलं. पालीची कातडी पांढुरकी पडली होती. डोळे उघडे. बऱ्याच वेळाने तिचं पोट एकदा खाली गेलं आणि वर आलं.

"आहे," ताई म्हणाली, आणि मोठ्याने रडायला लागली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पहिल्यांदाच ऐकलं.

पाल तिने कुंडीमागच्या सावलीत ठेवली. संध्याकाळी ती तिथे नव्हती.

झाड जगलं. त्याचे आणखी तुकडे रुजले, त्यातला एक त्या पाहुण्याकडे गेला. ताई आता दुपारी माझ्याबरोबर पायरीवर चहा घेते, पाहुण्यांच्या गमती सांगते, हसते. फक्त बोलता बोलता कधीतरी मधेच थांबते आणि श्वास धरून ठेवते. मी तिच्या पाठीवर हात ठेवते आणि ती श्वास सोडेपर्यंत काढत नाही.