काढलेली टोपी

माझा नवरा हुशार आहे. नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला चिप बनवायच्या मशीनवर काम करतो, चार माणसं त्याला विचारून पावलं टाकतात. पण त्या दिवशी तो इतका बावळटासारखा वागला, की अजून आठवलं तरी माझ्या हातून भांडी आपटली जातात. भर वर्गात, सगळ्या पोरांच्या देखत, त्यानं आपल्या बापाच्या डोक्यावरची टोपी काढली. स्वतःच्या हातानं!

सासरे तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आले होते. आम्ही दोघंही त्यांना बाबाच म्हणतो. सातारा जिल्ह्यातल्या गावोगावच्या शाळांत मास्तरकी करून ते निवृत्त झाले. दारात दूध घ्यायला जातानाही त्यांच्या डोक्यावर पांढरी टोपी असायची. इथल्या वाऱ्यात ती दोनदा उडाली, तर एका हातानं टोपी धरून चालायची त्यांनी सवय लावून घेतली. कानटोपी आणून दिली, तर म्हणाले, "ती थंडीची गं. ही माझी."

लेकीच्या शाळेत आजी-आजोबांचा दिवस होता. प्रत्येकानं आपल्या लहानपणच्या शाळेची एक गोष्ट सांगायची. बाबांची गोष्ट ठरलेली होती. त्यांच्या वेळी बिनटोपीच्या पोराला वर्गात घेत नसत. एकदा त्यांची टोपी ओढ्यात वाहून गेली, तर गुरुजींनी दिवसभर उन्हात उभं केलं. त्या संध्याकाळी त्यांच्या आईनं वडिलांचं जुनं धोतर फाडून टोपी शिवली. पंधरा दिवस हे आजोबा आणि नात जेवणाच्या टेबलाशी तालीम करत होते. ते मराठीत एक वाक्य सांगायचे, ती ते डचमध्ये करायची. टोपीवर हात ठेवून "आणि तेव्हापासून ही कधी काढली नाही" असं म्हणायचं, तिथं गोष्ट संपायची. आदल्या दिवशी बाबांनी भाताची पेज गाळून टोपीला खळ केली आणि मला हात लावू न देता इस्त्री केली.

मी आणि नवरा, दोघंही रजा काढून गेलो. पोरांनी वर्गात टोपी घालायची नाही असा इथल्या शाळेचा नियम आहे, दारावर चित्रच लावलंय. बाबा पुढे येऊन उभे राहिले तेवढ्यात मागून एक मुलगा कॅप घालून आत शिरला. बाईंनी त्याच्याकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "पेट आफ!" म्हणजे टोपी काढ.

झालं! माझा शहाणा नवरा ताडकन उठला. त्याला वाटलं, बाई बाबांनाच म्हणतायत. कामाच्या ठिकाणी शिकलेलं ते ओशाळं हसू तोंडावर आणून तो "सॉरी, सॉरी" करत पुढे गेला, बापाच्या डोक्यावरची टोपी उचलली आणि जॅकेटच्या खिशात कोंबली.

बाबांचा हात वर गेला. डोक्यावर काहीच नाही. टोपीखालचं ते पांढरंफटक टक्कल मी लग्नानंतर बारा वर्षांत पहिल्यांदा पाहत होते. त्यांनी एकच वाक्य सांगितलं, "मी चालत शाळेत जायचो." आणि खाली बसले. लेक डोळे मोठे करून त्यांच्याकडे बघत राहिली. हळूच म्हणाली, "आजोबा, टोपीची गोष्ट?" ते म्हणाले, "राहू दे बाळा."

नंतर बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, आजोबांनी टोपी का काढली, आम्ही तर तीच बघायला बसलो होतो. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि वर्गात मी तरी काय केलं? तोंड शिवल्यासारखी बसून राहिले. त्याचा राग मला आजही नवऱ्याच्या रागाइतकाच येतो.

घरी आल्यावर सायकली ठेवायच्या खोलीत मी त्याला धरला. "अरे, बाई त्या कॅपवाल्या पोराला म्हणत होत्या! आणि काढायला सांगायचीच होती, तर कानात सांगायचं होतंस! ओढायची काय?"

"नियम आहे इथला," तो म्हणाला. "आणि एवढं काय झालं? टोपी तर आहे."

एवढं काय झालं! हा माणूस त्या टोपीच्या पगारावर इंजिनियर झाला, आणि मला विचारतो एवढं काय झालं.

मी टोपी धुतली, खळ केली, इस्त्री करून बाबांच्या उशाशी ठेवली. त्यांनी ती बॅगेत ठेवून दिली. त्या दिवसापासून ते उघड्या डोक्यानं बाहेर जायला लागले. विचारलं तर म्हणायचे, "इथं चालत नाही ना."

दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाला नवरा पाटावर बसला आणि लक्षात आलं, डोक्यावर घ्यायला काही नाही. "बाबा, तुमची टोपी द्या की जरा," म्हणाला. कसलीही लाज न वाटता! बाबांनी निमूट बॅग उघडली, टोपी दिली आणि स्वतः बोडक्या डोक्यानं बाजूला बसले. माझ्या हातातली निरांजनाची काडी रागानं दोनदा विझली.

एवढ्यात लेक उठली. आठ वर्षांची पोर. सरळ बापाच्या मागे गेली आणि टोपी खसकन ओढून घेतली.

"पेट आफ, पप्पा!"

नवरा भडकला. "बापाच्या डोक्याला हात घालतेस? अक्कल आहे का?"

वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि त्यालाच ऐकू आलं. त्याचा चेहरा पडला. त्यानं बाबांकडे बघितलं. बाबा समईकडे बघत होते.

"असं करायचं नसतं?" लेकीनं डचमध्ये विचारलं. खरंच विचारत होती ती. टोपी हातात घेऊन ती उत्तरासाठी तशीच उभी राहिली.