कबरेतला तांब्या

मार्थाबाई गेल्या. आणि खरं सांगते, रडण्यापेक्षा मला मिरवावंसंच जास्त वाटून राह्यलंय.

माझ्या बाई होत्या त्या! जालन्यात आमच्या चर्चच्या संडे स्कूलचा सगळ्यात बारक्या पोरांचा क्लास त्यांचा. काल दुपारी त्यांना माती दिली.

ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते.

गुड फ्रायडेची उपासना संपली की बाई पदर खोचून अंगणातल्या लिंबाखाली बसायच्या. विटा, काळी माती आणि चिखलात बरबटलेले आम्ही. येशूची कबर बांधायची!
पांढऱ्या कापडात गुंडाळलेली बाहुली आत, तोंडाशी धोंडा.

रविवारी पहाटे धोंडा आम्हीच सारायचा. आत नुसतं घडी घातलेलं कापड; बाहुली बाईंनी फ्रायडेच्या रात्रीच गुपचूप काढलेली.

"हात घालून बघा. हाय का कोणी?"
"न्हाईईई!"

मोठी माणसं कुरकुरायची. "एवढ्याशा लेकरांना मरण कशाला सांगता बाई? रंगीत अंडी वाटा, गाणी घ्या."

बाई फणकारायच्या, "अंडं दुपारपर्यंत पुरतं. घरातलं माणूस गेलं तर लेकराला काय पुरंल?"

त्यातलंच एक लेकरू मी.

पहिलीत होते. ईस्टरच्या थोडंच आधी माझी मम्मी गेल्ती. हॉस्पिटलात ती पाणी पाणी करायची, पण डॉक्टरांनी पाणी बंद केल्तं. मी दारात उभी राहून सगळं ऐकायची.

मग फ्रायडेला क्रुसावरची गोष्ट ऐकली. येशूलाही तहान लागली होती.

शनिवारी मी घरून गुपचूप तांब्या भरून आणला आणि धोंडा जरासा सारून आत ठेवला. नळाला आठवडा आठवडा पाणी नसायचं तेव्हा, तरी.

रविवारी धोंडा सारला, तर कापडाशेजारी काठोकाठ भरलेला तांब्या.

एक काका खेकसले, "कोणी केला हा चावटपणा?"

बाईंनी त्यांना हातानंच गप केलं. माझा चेहरा बघून त्यांना काय ते कळलं. मांडी घालून माझ्यासमोर बसल्या.

"कोणासाठी ठेवलं गं?"

"येशूसाठी. मम्मीला कोणीच दिलं न्हाई." आणि मग तोंडातून निघूनच गेलं, "येशू उठला, मंग मम्मी कवा उठती?"

बाईंनी मला जवळ ओढलं.

"कवा ते मला ठाऊक न्हाई," बाई म्हणाल्या. "पण उठंल, हे बिलकुल पक्कं. ज्यो ह्या कबरेतून उठला ना, त्योच तुझ्या मम्मीला हाक मारणार. आणि तिला आता तहान न्हाई, बाळा. येशूलाबी न्हाई."

"मंग ह्या पाण्याचं काय करू?"

"ज्याला तहान हाय त्याला दे की!"

मी तांब्या घेऊन गेटवर गेले. भाजीचा गाडा ढकलत एक चाचा चालले होते. त्यांनी गाडा थांबवला, ओंजळीनं पाणी प्यायले आणि माझ्या डोक्यावर ओला हात ठेवला. "जीती रहो बेटी."

त्या दिवसापासून माझ्या कानातलं मम्मीचं 'पाणी पाणी' थांबलं.

तेव्हापासून आमच्याकडं ईस्टरला पोरं गेटवर पाणी वाटतात. आणि हो, अंडी पण असतात. बाई सगळ्यात आधी हात मारायच्या त्यांच्यावर.

काल दफनभूमीत ऊन नुसतं रणरणत होतं. मूठभर माती टाकली आणि माझं मिरवणं-बिरवणं कुठल्या कुठं गेलं. हमसून हमसून रडले.

तेवढ्यात बाईंच्या क्लासमधली एक चिमुरडी पाण्याची बाटली घेऊन पुढं आली. मला वाटलं, आता ही कबरेवर ठेवणार. अगदी माझ्यासारखी.

ती माझ्याकडं वळली.

"ताई, तुम्ही प्या. बाईंना आता तहान न्हाई."

प्यायले. अख्खी बाटली प्यायले.

बघितलंत ना बाई? पोरांना कळलंय सगळं.

येते बाई. भेटूच आपण.
कवा ते मला ठाऊक न्हाई. पण बिलकुल पक्कं.