हाव म्हना, मंग छापतो

मेहकरच्या बसस्टँडमागच्या गल्लीत काकाजींचं दुकान होतं आणि 'हाव' म्हटल्याशिवाय त्या दुकानातून कुणाचं लग्न बाहेर पडत नसे. काकाजी पत्रिका जुळवायचे. कुंडल्या नव्हेत, निमंत्रणपत्रिकेची अक्षरं. मजकूर संगणकावर जुळवून झाला की कागद हातात घेऊन ते उभे राहायचे आणि खणखणीत आवाजात एकेक नाव वाचायचे. घरच्या मंडळींनी समोर उभं राहून प्रत्येक नावाला 'हाव', म्हणजे हो, म्हणायचं. एखाद्या नावाला आवाज आला नाही, तर काकाजी तिथंच अडून बसायचे. "हाव म्हना, मंग छापतो." मग पत्रिका खामगावच्या छापखान्यात जायची.

एकदा हिवरा आश्रमचे एक वरपिता फार घाईत आले होते. बाहेर जीप सुरूच ठेवलेली. "सगळं बरोबर हाय काकाजी, टाका छापून." काकाजींनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "सगळं म्हंजे कोन बाप्पा? पत्रिकेत 'सगळं' नावाचा मानूस मले तं दिसून नाही राह्यला." गृहस्थ मुकाट्यानं हाव म्हणू लागले आणि निम्म्यात त्यांनी कपाळावर हात मारला. धाकट्या मावसभावाचं नाव राहिलं होतं, आणि मांडव त्याच मावसभावाकडून यायचा होता. जीप बंद करून ते परत आत आले आणि मग शेवटपर्यंत शहाण्या मुलासारखे उभे राहिले.

शेजारच्या अर्ध्या गाळ्यात माझं झेरॉक्सचं दुकान. मधे फक्त प्लायवूडची भिंत. त्यामुळे तालुक्यातले रुसवेफुगवे मला लग्नाआधीच ऐकू यायचे. मी नवीन होते तेव्हा एकदा विचारलं होतं, "काकाजी, घसा कशाला कोरडा करता? कागद त्यांच्याच हातात द्या ना." ते म्हणाले, "डोये फसवते पोरी. लिवलेलं दिसलं का मानूस समजते, बरोबरच हाय. कानाले चूक लवकर समजते." आणि थोडं थांबून, "पत्रिकेत नाव म्हंजे पंगतीत पाट हाय. नाव चुकलं का मानूस उभाच राह्यते."

बोलणं असं मले-तुलेचं, पण कीबोर्डवर बोटं पडली की त्यांच्यातून कोणी निराळाच गृहस्थ बाहेर यायचा. 'आमचे येथे श्रीकृपेकरून', 'वधूवरांस शुभाशीर्वाद देण्यासाठी अगत्य येण्याचे करावे'. मी चिडवायचे, "काकूंकडे चहा मागताना तरी 'अगत्य आणण्याचे करावे' म्हणत जा." ते म्हणायचे, "तसं म्हटलं तं ते चहा ठेवून डॉक्टरले बोलावीन." आणि स्वतःच खो खो हसायचे.

हा सगळा संसार चालायचा एका जुन्या संगणकावर. विंडोज एक्सपीवाला. तो सुरू झाला की पडद्यावर हिरवंगार माळरान आणि वर निळं आभाळ यायचं. काकाजी त्याला गायरान म्हणायचे. सकाळी उदबत्ती ओवाळून झाली की बटण दाबायचे आणि ते हिरवं दिसेपर्यंत हात जोडून बसायचे. दिसलं की, "आलं गायरान. चला, चरा आता." त्यात पत्रिकांसाठीच बनवलेला एक जुना फॉन्ट होता. त्याची गंमत अशी, की चि., चि. सौ. कां., ह.भ.प., कै. ही बिरुदं एकेका बटणात अख्खी बसवलेली होती. काकाजींना पडद्याकडे पाहावंही लागत नसे. गिऱ्हाइकाशी पावसापाण्याच्या गप्पा मारता मारता त्यांची बोटं जिवंत माणसांना श्री. आणि गेलेल्यांना कै. लावत पुढे जायची.

त्या गायरानावर पहिली कुऱ्हाड घातली ती त्यांच्या मुलानं, नितीननं. तो पुण्याला कंपनीत संगणकाचंच काम करतो. दिवाळीला आला की बापलेकांची त्यावरून जुंपायची आणि प्लायवूडमधून मला सगळं ऐकू यायचं.

"बाबा, एक्सपीला आता खुद्द बनवणारी कंपनीसुद्धा विचारत नाही. व्हायरस शिरला तर एका दिवसात सगळं जाईल."

"कंपनीनं इचारलं नाही म्हून मी काऊन सोडू बे? मलेबी आता कोनी इचारत नाही. मले सोडतं का?"

"तसं नाही हो बाबा. उद्या हा बंद पडला तर सुटे भागही मिळणार नाहीत."

"मलेबी नाही भेटत," काकाजी म्हणाले.

हसू यायचं, पण नितीनचं चुकत नव्हतं. मलाही त्याचंच पटायचं, आणि खरं सांगायचं तर आजही पटतं. काकाजींच्या पेनड्राइव्हमधून माझ्या संगणकात इतक्यांदा रोग शिरला होता, की तो दिसला की मी तोंडावर पदर धरायचे. त्यात खामगावच्या छापखान्यानंच कळवलं, की जुन्या पद्धतीच्या फायली यापुढे उघडणार नाहीत, नव्या पद्धतीनं पाठवा. तेव्हा काकाजींचा नाइलाज झाला.

नवा संगणक आला. काकूंनी त्याला हळदकुंकू लावलं, पेढा दाखवला. गायरान कापडात गुंडाळून दुकानाच्या मागच्या फळीवर गेलं. काकाजींनी हौसेनं एक जुनी पत्रिका नव्यात उघडून पाहिली, तर सगळ्या नावांचा इंग्रजी अक्षरांत चिवडा झालेला. आजे-पणजे, मामे-मावश्या, कुणीच ओळखू येईना. नितीननं फॉन्टची नवी आवृत्ती बसवून दिली, बटणं दाखवली आणि तो पुण्याला गेला. काकाजी बरेच दिवस एका बोटानं टाइप करताना दिसायचे, गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस पहिल्यांदा जिना चढतो तसे.

आणि त्याच सुमारास ते 'हाव' गेलं. आता कच्ची पत्रिका मोबाइलवर पाठवता येत होती. लोकांना खेड्यावरून येणं नको होतं. काकाजी पाठवायचे आणि तिकडून अंगठा यायचा. पहिल्यांदा तो अंगठा आला तेव्हा ते मोबाइल घेऊन माझ्याकडे आले. "हे काय हाय वं?"

"म्हणजे बरोबर आहे. हाव."

"अंगठा तं ज्याले वाचता येत नाही तो लावते," काकाजी म्हणाले. मी हसले. ते हसले नाहीत. एकदोघांना फोन करून वाचून दाखवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण पलीकडचा माणूस मोटरसायकलवर असायचा. हळूहळू त्यांनीही नाद सोडला.

काकाजींचे जुने स्नेही म्हणजे सुलतानपूरचे तेजराव गुरुजी. शाळेतून निवृत्त होऊन कीर्तनं करणारे, त्यामुळे पत्रिकेत त्यांना ह.भ.प. लागायचं. त्यांच्या नातीचं लग्न ठरलं आणि पत्रिका अर्थातच काकाजींकडे आली. काकाजींनी फार मन लावून ती जुळवली. वर आजोबांचं नाव टाकताना बोट सवयीनं ह.भ.प.च्या बटणावर गेलं. पण नव्या आवृत्तीत बटणांची अदलाबदल झाली होती. त्या जागी आता कै. होतं. काकाजींनी पडद्याकडे पाहिलं नाही. जुन्यावर कधी पाहायची वेळच आली नव्हती. तिकडे गुरुजींच्या नातवानं मोबाइलवर तारीख पाहिली, मंगल कार्यालय पाहिलं, वधूवरांचे फोटो पाहिले आणि अंगठा लावला. पत्रिका छापून आल्या आणि वाटल्या गेल्या. 'कै. तेजराव यांची नात.'

पहिला फोन सोनाळ्याहून आला. गुरुजींच्या सुनेचं माहेर तिथलं. "गुरुजी गेले अन् आम्हाले कळवलंबी नाही?" फोन गुरुजींनीच उचलला होता. दुसऱ्या दिवशी एक दूरचे नातेवाईक गाडी करून दुखवट्याला आले, उतरतानाच डोळ्याला रुमाल लावून. गुरुजींनी ओसरीवर त्यांच्यासाठी खाट ओढली आणि चहा सांगितला. पाहुण्याला घाम फुटला, असं सून नंतर सांगत होती.

काकाजींना कळलं तेव्हा ते खुर्चीतून उठले आणि परत बसले. मग म्हणाले, "पोरी, मले सुलतानपूरले घेऊन चाल." मी स्कूटीवर त्यांना घेऊन गेले. गुरुजी ओट्यावर पेपर वाचत होते. काकाजी त्यांच्या पायाशी वाकायला लागले तसे गुरुजींनी त्यांना दंडाला धरून वर ओढलं.

"काऊन रडतं बे? लग्नघर हाय."

"मी तुमाले मारलं गुरुजी. माह्या हातानं मारलं."

"कसा मेलो मी?" गुरुजी म्हणाले. "तू मले वाचून दाखोलं काय? मी हाव म्हटलं काय? म्या हाव म्हटलं नाही तवर तुह्या दुकानातून कोनी जात नाही, हे साऱ्या तालुक्याले माहीत हाय."

आम्ही सगळे हसलो. घरातल्या बायकाही दाराशी येऊन हसल्या. गुरुजींनी काकाजींना जेवू घातलं, लग्नात मानाचा फेटा बांधला, आणि मांडवात माइकवरून 'मी हयात आहे' असं स्वतःच जाहीर करून टाकलं. त्यांच्या बाजूनं विषय तिथंच मिटला होता.

काकाजींच्या बाजूनं तो मिटला नाही. त्यांनी नवा संगणक बंद केला तो पुन्हा लावलाच नाही. फळीवरचं गायरान खाली काढलं, पुसलं, सुरू केलं. पण त्याच्या फायली घेणारं आता कुणी उरलं नव्हतं, आणि लोकांनीही मोबाइलवरच गाण्याबिण्यांच्या पत्रिका करायला सुरुवात केली होती. काकाजी सकाळी यायचे, उदबत्ती लावायचे, हिरवं दिसलं की हात जोडायचे आणि संध्याकाळपर्यंत त्याच्यासमोर बसून राहायचे. मी चहा घेऊन गेले की म्हणायचे, "बस वं. ऊन नाही इथी." मला रडू यायचं, म्हणून मी लवकर उठायचे.

मी पुष्कळदा विचार करते, की त्यांनी जुनंच ठेवायला हवं होतं का. ते तर चालणारच नव्हतं. आज ना उद्या तो डबा बंद पडलाच असता. नवा संगणक घ्यायलाच हवा होता. पण त्या जुन्या डब्याबरोबर आपण काय काय गुंडाळून फळीवर ठेवतोय, हे आमच्यापैकी कुणी बघितलं नाही. 'हाव' कुठल्याही संगणकावर म्हणता आलं असतं. नुसतं लोकांनी यायला हवं होतं. त्याची हळहळ मला अजून वाटते.

यंदाच्या संक्रांतीच्या आसपास काकाजी गेले. दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. नितीन आला. तेरवीचा निरोप मोबाइलवर पाठवू म्हणाला. त्यातही चूक काही नव्हतं. पण काकू म्हणाल्या, "त्यायची पत्रिका त्यायच्याच दुकानातून निघीन." त्या जुन्या फॉन्टची बटणं माहीत असलेली आता मी एकटीच होते, काकाजींचं पाहून पाहून शिकलेली. छापखान्याची गरज नव्हती. काकाजींच्या प्रिंटरवर एक प्रत काढायची आणि पुढचं काम माझ्या मशीनचं.

नितीननं शटर उघडलं. बटण दाबलं, आणि बऱ्याच वेळानं गायरान आलं. काकू माझ्या शेजारी स्टुलावर बसल्या. तेजराव गुरुजी सुलतानपूरहून आले होते, ते काठी टेकून दारातच थांबले. मी मजकूर जुळवला. नावाशी आले आणि कै.चं बटण दाबलं. ते जिथं असायला हवं तिथंच होतं.

जुळवून झाल्यावर मी कागद काढला आणि उभी राहिले. वाचल्याशिवाय छापायचं नाही, एवढं तरी माझ्या हातात होतं. "कैलासवासी दत्तात्रय गोविंद देशपांडे," मी वाचलं आणि थांबले.

नितीन कीबोर्डकडे पाहत राहिला. काकूंनी पदर तोंडात धरला. कुणीच हाव म्हणेना, आणि तोवर पुढे जायची मला सोय नव्हती.

गुरुजी काठी टेकत आत आले. पडद्यावरच्या त्या हिरव्या माळाकडे त्यांनी एकदा पाहिलं.

"माह्या वाटचं हाव त्यानं घेतलंच नव्हतं, तसंच ठेवून देल्लं होतं," ते म्हणाले. "त्याच्या वाटचं मलेच म्हना लागते." मग त्यांनी घसा खाकरला, कीर्तनाला उभं राहताना खाकरायचे तसा.

"हाव," गुरुजी म्हणाले. "छाप, माय."