विरोधात लिहायचं असेल तर

समोर माणूस येऊन बसला की ते आधी संगणकाचा पडदा भिंतीकडे फिरवत. मग चष्मा काढून टेबलावर ठेवत आणि म्हणत, "हं. आता सांगा. तुमच्या तोंडानं सांगा."

तुमच्यापैकी कुणी जीएसटीची नोटीस घेऊन सरकारी कार्यालयाची पायरी चढलं असेल, तर हे दृश्य किती दुर्मिळ आहे ते त्याला माहीत असेल. नोटीस पोर्टलवर येते, उत्तर पोर्टलवर जातं आणि एके दिवशी आदेशही तिथेच येऊन पडलेला असतो. मधे माणूस कुठे लागतच नाही. वर्षातून एकदा करदात्यांना बोलावून शाल-श्रीफळ देतात. उरलेलं वर्ष पासवर्ड पुरतो.

मी परभणीत करसल्लागार आहे आणि ते इथे राज्य कर अधिकारी होते. राणीसावरगावकडचे, शिक्षकाचा मुलगा. आवाज बारीक, शर्ट नेहमी एक माप मोठा. साहेब म्हणावं असं त्यांच्यात काही नव्हतं, म्हणून दारावरची पाटी जरा मोठी लावली असावी.

नोटिशीला उत्तर देताना एक प्रश्न येतो: प्रत्यक्ष सुनावणी हवी का? आमच्या धंद्यात सगळे सवयीनं 'नाही' निवडतात. अशिलाची खेप वाचते, आपला दिवस वाचतो आणि ही माणसं भांडखोर नाहीत अशी साहेबांची समजूत होते. पण चार दिवसांनी त्यांचा फोन यायचा.

"तुमच्या त्या झरीच्या दुकानदाराला घेऊन या."

"साहेब, आम्ही सुनावणी मागितलीच नाही."

"तुमी नका मागू. मला विरोधात लिहायचं असेल तर बोलवावंच लागतं. कायद्यात तसंच आहे."

त्यामुळे त्यांचं बोलावणं आलं की अशील हबकायचा. बोलावलं, म्हणजे विरोधात लिहिणार! प्रत्यक्षात माणूस तासभर बोलून गेला की त्यांचं लिहिणं कधी कधी बदलायचं. नेहमी नाही. ऐकणं म्हणजे मान्य करणं, असा त्यांचाही समज नव्हता.

त्यांच्याकडची प्रकरणं तुंबत. वरून विचारणा होई. शेजारच्या खोलीतले अधिकारी एकदा माझ्यादेखत म्हणाले, "काय हो, तुमच्या खोलीत कामकाज चालतं का कीर्तन?"

"कीर्तनात एकच जण बोलतो," ते म्हणाले आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

वालूरचे एक गृहस्थ माझे अशील होते. शेतीच्या पाइपांचं दुकान. ज्याच्याकडून त्यांनी पाइप घेतले, तो व्यापारी सरकारचा कर बुडवून पसार झाला. विभागानं नोटीस काढली: माल आलाच नाही, बिलं खोटी, ही फसवणूक आहे. नोटीस आली तेव्हा हे गृहस्थ लकव्यातून उठून नुकते ओट्यावर बसू लागले होते. उजवा हात गेलेला, वाचा गेलेली. दुकान मुलगी सांभाळत होती. उत्तर तिनंच भरलं आणि सुनावणीपुढे 'नाही' केलं. मग घाबरून माझ्याकडे आली.

"बाबांना बोलताच येत न्हाई. सुनावणीला नेऊन करू काय?"

कर भरायला ती तयार होती. तिला खुपत होता तो 'फसवणूक' हा शब्द. बाजारात लोक विचारू लागले होते. बाप घराच्या ओट्यावर बसायचा बंद झाला होता.

मी साहेबांना म्हणालो, "त्यांच्या वतीनं मी बोलतो."

"तुमी बोलाच. पण माल उतरताना तुमी होता का?"

"नाही."

"मग त्यांनाही आणा."

दोघांनी धरून त्यांना खोलीत आणलं. पडदा फिरला, चष्मा उतरला. "हं, काका. सांगा. गडबड न्हाई."

काकांचे ओठ हलले, आवाज आला, शब्द आला नाही. मुलगी म्हणाली, "त्यांना म्हणायचंय की..."

"ताई, त्यांनाच म्हणू द्या."

आम्ही बसून राहिलो. बाहेर शिपाई कुणाला तरी "टाइम लागंल" म्हणून सांगत होता. काकांच्या कपाळावर घाम आला. मला वाटलं, हे आता थांबवावं. हा न्याय आहे की छळ?

"माल..." काका म्हणाले. बऱ्याच वेळानं, "आला."

साहेबांनी ते लिहून घेतलं. "कुणी उतरवला?"

काकांनी डावा हात उचलला आणि एकेक बोट दाबत सांगू लागले. "मारोती... खाजा..." मग डोळे मिटले. "मारोतीचा... भाऊ." आणि एकाएकी हसले. वाकड्या तोंडानं, पण हसले. "एक... फोडला. त्यानं."

मुलगी रडायला लागली. "खरंय साहेब. त्यावरून बाबा लय चिडले होते. फुटका पाइप अजून परसात पडलेलाय."

साहेबांनी पुढची तारीख दिली. मारोती, खाजा आणि तो भाऊ तिघं आले. भावानं पाइप फोडल्याचं सरकारदरबारी कबूल केलं. एवढ्यासाठी आपल्याला वालूरहून बोलावलं याचं त्याला फार नवल वाटलं.

निकाल अर्धा लागला. विकणाऱ्यानं कर भरला नाही म्हणून तो काकांवर बसलाच. "तिथं कायदा मला हलू देत न्हाई," असं साहेबांनी तोंडावर सांगितलं. पण माल आला होता असं त्यांनी आदेशात लिहिलं आणि फसवणुकीचा आरोप काढून टाकला. मुलीनं तो आदेश ओट्यावर बसून बापाला वाचून दाखवला. ओट्यावर, कारण काकांनी तिला हाताला धरून तिथं नेलं.

निवृत्तीला थोडे दिवस उरले असताना साहेब हृदयविकारानं गेले.

व्यापारी मंडळींनी एका सभागृहात शोकसभा ठेवली. तुंबलेल्या प्रकरणांबद्दल त्यांना पत्रं पाठवणारे वरिष्ठही आले होते आणि 'संवेदनशील प्रशासन' या विषयावर चांगलं बोलले. वालूरहून काका आले होते, मुलीबरोबर, एसटीनं. भाषणं संपता संपता त्यांनी डावा हात वर केला.

"काका, वेळ झालाय, बसा," सूत्रसंचालक माइकवरून म्हणाला. "आता सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं."

सगळे उभे राहिले. त्या शांततेत मागून आवाज आला.

"साहेब..."

काही माना वळल्या. मुलीनं बापाचा हात धरला, पण त्याला थांबवलं नाही.

"मला..."

दोन मिनिटं संपली. खुर्च्या सरकल्या, चहाचे कप आले, वरिष्ठांची गाडी दाराशी लागली. काका भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांचा पुढचा शब्द यायचा होता. मी परत खाली बसलो. माझ्या पुढच्या रांगेतला एक माणूस दारापर्यंत गेला होता. तोही मागे आला आणि बसला.

"...इचारलं," काका म्हणाले, आणि पुढे बोलू लागले.